सोशल मीडियावरचा खासगीपणा: सांगलीच्या मदत-टेबलाच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५

लोकांना फोनवरचा खासगीपणा जपायला मदत करणाऱ्या टेबलासाठी गावभागातल्या वाचनालयाने खालची खोली रविवार सकाळसाठी दिली. दोन टेबले, खुर्च्या, एक एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर. वायफाय मुद्दाम ठेवलेले नाही. ज्याचा फोन, त्याचाच डेटा.

टेबलाचे नियम भिंतीवर लावले. फोन मालकाच्या हातातच राहील; आपण बोट दाखवायचे, दाबायचे त्याने. पिन किंवा ओटीपी टाकताना टेबलावरच्याने मान फिरवायची. येणाऱ्यांची नावे, नंबर कुठेही उतरवून घ्यायचे नाहीत. आणि ज्याचा फोन तो माणूस समोर नसेल तर फोन तपासायचा नाही. बायकोचा फोन नवरा घेऊन आला, आईचा फोन मुलगा घेऊन आला, तरी नम्रपणे परत पाठवायचे. या शेवटच्या नियमाला अपवाद ठेवलेला नाही.

पहिला प्रश्न सेटिंगचा नसतो. "काकू, तुम्हाला नक्की कोणापासून जपायचंय?" असे विचारायचे. उत्तरे तीन प्रकारची येतात. ठग, ज्याला पैसे हवेत आणि तुम्ही कोण याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ओळखीतला माणूस: शेजारी, भाऊबंद, संबंध तुटलेला जोडीदार, जुना मालक. आणि कंपन्या, ज्या तुमच्या सवयींवर जाहिराती लावतात. ठगाला ओटीपी लागतो. ओळखीतल्याला पाच मिनिटे उघडा फोन पुरतो. कंपनीला तुम्ही दिलेल्या परवानग्या लागतात. तिघांवरचा इलाज वेगळा आहे, म्हणून सगळ्यांना एकच पत्रक वाटून काम होत नाही. जनजागृतीत बहुतेक वेळ ठगांवर जातो. सांगलीसारख्या, चार माणसांत एकजण ओळखीचा निघणाऱ्या गावात दुसऱ्या प्रकाराकडे फार दुर्लक्ष झाले आहे, आणि त्रासलेली माणसे त्याबद्दल उघड बोलतही नाहीत.

पत्रकात मेन्यूची नावे इंग्रजी फोनवर दिसतात तशी, देवनागरीत लिहायची. अपडेटनंतर जागा बदलतात, म्हणून रस्त्यापेक्षा नाव लक्षात ठेवायला सांगायचे. सेटिंग्जमध्ये वर शोधाचे भिंग असते, तिथे नाव टाकले की सापडते.

२१ सप्टेंबर

व्हॉट्सॲपपासून सुरुवात. फोनवर बाकी काही नसले तरी ते असतेच. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी. तिथे लास्ट सीन अँड ऑनलाइन, प्रोफाइल फोटो, अबाउट, स्टेटस, ग्रुप्स. जिथे 'एव्हरीवन' आहे तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, असे सगळीकडे सांगतात. हा सल्ला नेमका इथे फसतो.

मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याच्या किंवा तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराच्या फोनमध्ये अडते, दलाल, ट्रकवाले, औषधविक्रेते, मजुरांचे मुकादम, एकदाच येऊन गेलेला प्लंबर, सगळे सेव्ह असतात. व्हॉट्सॲपला नाते कळत नाही. नंबर सेव्ह आहे एवढेच कळते. त्या फोनवर 'माय कॉन्टॅक्ट्स' म्हणजे अख्खा बाजार.

यावर तीन उपाय ठरवले, कटकटीच्या चढत्या क्रमाने.

प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीनसाठी 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून नको ती माणसे वगळायची. याची खोट अशी की यादी शिळी होते. उद्या सेव्ह केलेला नवा नंबर आपोआप 'बघू शकणाऱ्यांत' जाऊन बसतो. म्हणून स्टेटससाठी उलटी पद्धत घ्यायची: 'ओन्ली शेअर विथ'. तिथे घरची, जवळची वीस-तीस नावे एकदा निवडून ठेवली की नवा नंबर आत शिरत नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टाकणाऱ्या प्रत्येकाला हे करूनच उठवायचे.

तिसरा उपाय व्यापाऱ्यांसाठी: धंद्याला वेगळे सिम. एकाच फोनवर व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन ॲप दोन नंबरांवर चालतात. घरचा नंबर पावतीवर, बोर्डावर, यूपीआयच्या स्टिकरवर छापायचा नाही. यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असेल तर पैसे घेण्यासाठी दाखवलेला क्यूआर म्हणजे नंबर वाटणेच. बहुतेक ॲपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी बनवता येतो.

लास्ट सीन लपवले की दुसऱ्यांचेही दिसत नाही, हे आधी सांगायचे. नाहीतर लोक घरी जाऊन पूर्ववत करतात. 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करताना सांगायचे की अनोळखी व्हॉट्सॲप कॉल वाजणार नाही, पण कॉलच्या यादीत दिसेल. साध्या कॉलवर याचा परिणाम नाही.

५ ऑक्टोबर

आजचा विषय उघडा फोन.

व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस. फोनखेरीज आणखी चार उपकरणे एका खात्याला जोडता येतात. कुणी क्षणभर फोन मागून घेतला आणि आपल्या लॅपटॉपवरचा क्यूआर स्कॅन केला, तर तिथून सगळे संभाषण वाचता येते. फोन मालकाच्या खिशातच असतो, म्हणून संशयही येत नाही. यादीत प्रत्येक उपकरणाचे नाव आणि शेवटची वेळ असते. न ओळखू येणारे असेल त्यावर दाबून लॉग आउट. पण घरगुती छळाचा प्रकार असल्याची शंका आली तर लॉग आउटची घाई करायची नाही: बाहेर काढल्याचे समोरच्याला लगेच कळते. आधी यादीचा फोटो दुसऱ्या विश्वासाच्या फोनवर काढावा, त्या माणसाची सुरक्षितता विचारावी, मग ठरवावे.

फोनला बोटाचा ठसा लावलेला असेल तर नवे उपकरण जोडताना ठसा मागितला जातो. म्हणून स्क्रीन लॉक नसलेल्या फोनवर बाकी सगळ्याआधी तो. चार बिंदूंचा पॅटर्न नको, सहा अंकी पिन. घरातल्या अनेकांची बोटे एकाच फोनवर नोंदलेली सापडतात. सेटिंग्जमध्ये जाऊन कुणाची आहेत ते विचारायचे.

दुसरा मुद्दा मोबाइल शॉपीत 'सेट करून' दिलेल्या फोनांचा. गिऱ्हाइकाला ईमेल नसतो, गर्दी असते, म्हणून दुकानात चटकन एक खाते उघडले जाते किंवा आधीचेच टाकले जाते. पासवर्ड गिऱ्हाइकाला माहीत नसतो. मग फोटोंचा बॅकअप, कॉन्टॅक्ट्स, व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळे त्या खात्यात जमा होत राहते. फसवण्याचा हेतू नसला तरी किल्ली दुसऱ्याकडेच राहते.

तपासणी: सेटिंग्ज, गूगल, वर दिसणारा ईमेल वाचून दाखवायला सांगणे. ओळखीचा नसेल तर क्रम असा. आधी माणसाच्या स्वतःच्या नंबरावर नवे खाते, पासवर्ड त्याने घरी वहीत लिहिलेला. मग कॉन्टॅक्ट्स नव्या खात्यात हलवणे, फोटोंची प्रत मेमरी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर. मग व्हॉट्सॲपच्या बॅकअपचे खाते बदलणे आणि एकदा बॅकअप पूर्ण होऊ देणे. सर्वांत शेवटी जुने खाते काढणे. क्रम उलटा केला तर कॉन्टॅक्ट्स गायब होतात. आणि जुने खाते तसेच ठेवून कुणी रिकव्हरी मेन्यूतून फोन फॅक्टरी रीसेट केला, तर चालू होताना तो त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि अडकून बसतो. या कामाला अर्धा तास पुरत नाही, वेगळी वेळ द्यावी लागते.

१२ ऑक्टोबर

टू-स्टेप व्हेरिफिकेशन. व्हॉट्सॲप, सेटिंग्ज, अकाउंट. सहा अंकी पिन आणि सोबत ईमेल. ईमेल टाकायचे टाळतात, आणि पिन विसरला की सात दिवस थांबावे लागते. जन्मतारीख सहा आकड्यांत बरोबर बसते, म्हणून लोक तीच टाकतात. ती फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छांत सगळ्यांना दिसते.

बॅकअपलाही कुलूप हवे. संदेश जाता-येता कुलूपबंद असतात, पण गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरच्या बॅकअपला ते संरक्षण वेगळे चालू करावे लागते: चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली. दोन्ही हरवले तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही. ज्येष्ठांसाठी पासवर्ड कागदावर, कपाटात. कागद चोरीला जाण्यापेक्षा पासवर्ड विसरण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत कितीतरी जास्त असते.

कॉल फॉरवर्डिंग. 'कुरिअर अडकलंय, हा कोड दाबा' म्हणून दाबायला लावलेला कोड कॉल दुसऱ्या नंबरावर वळवतो, मग आवाजी ओटीपी तिकडे जातो. दूरसंचार विभागाने स्टार-४०१-हॅश प्रकारची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली, तरी तपासावे: स्टार-हॅश-२१-हॅश डायल केले की स्थिती दिसते, हॅश-हॅश-००२-हॅशने सगळे फॉरवर्डिंग निघते. कुणी जाणूनबुजून दुकानाच्या नंबरावर कॉल वळवलेला असेल तर तोही निघतो, म्हणून आधी विचारा.

सिम बदलणाऱ्यांनी जुने सिम टाकून देण्याआधी व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करावे आणि गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, बँक सगळीकडून जुना नंबर काढावा. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जातो. त्यानंतर 'पासवर्ड विसरलो' दाबले की ओटीपी नव्या मालकाच्या हातात पडतो.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुटीतले फोटो घेऊन बसलो. कोकणातून, देवदर्शनातून टाकलेले स्टेटस घर रिकामे असल्याचे सांगतात. परतल्यावर टाका, एवढेच. फोटोत मागे काय येते ते बघायचे: गाडीची नंबरप्लेट, दारावरची पाटी, शाळेचे ओळखपत्र, टेबलावर पडलेले वीजबिल.

फोटोच्या आत लपलेले स्थान हा भाग लोकांना नवा असतो. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की नकाशा दिसतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर हे स्थान निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसेच राहते. चांगल्या क्वालिटीसाठी डॉक्युमेंट करून पाठवण्याची पद्धत लग्नाच्या ग्रुपमध्ये सर्रास आहे, त्यांना हे आवर्जून सांगायचे. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधले लोकेशन टॅग बंद केले की पुढच्या फोटोंचा प्रश्न मिटतो, जुन्यांचा नाही.

लाइव्ह लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांचे असते. सवयीने आठ तास दाबतात.

ॲपच्या परवानग्या: सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर. लोकेशन 'ओन्ली व्हाइल युझिंग', आणि सोशल मीडिया ॲपना 'युज प्रिसाइज लोकेशन' बंद. नव्या अँड्रॉइडवर सगळ्या फोटोंऐवजी निवडक फोटो देता येतात. कॉन्टॅक्ट्सची परवानगी देताना थांबावे, कारण ती दिली की दुसऱ्यांचे नंबर जातात, आणि त्यांना कुणी विचारलेले नसते. उसनवारीच्या ॲपनी याच यादीवरून नातेवाइकांना धमक्या दिल्या. गूगलने ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले, पण लिंकवरून आलेल्या एपीकेला, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेल्या ॲपच्या फाइलला, तो नियम लागत नाही. 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'मध्ये व्हॉट्सॲप आणि क्रोम दोन्ही बंद करूनच माणूस उठवायचा. लग्नपत्रिकेच्या, चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल तिथेच अडते.

२ नोव्हेंबर

फेसबुक. नकली खाते कसे बनते ते कागदावर काढून दाखवले: नाव, प्रोफाइल फोटो आणि कव्हर फोटो नेहमी सार्वजनिक असतात, ते उचलले जातात. मित्रयादी उघडी असेल तर तीही. मग त्याच मित्रांना नवी रिक्वेस्ट, आणि मेसेंजरवर 'अडचणीत आहे, पैसे पाठव'. यातला आपल्या हातातला दुवा मित्रयादीचा. सेटिंग्ज, 'हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू', मित्रयादी 'ओन्ली मी'. त्याच पानावर फोन नंबरावरून कोण शोधू शकेल, तिथेही 'ओन्ली मी'. नंबरावरून माणूस सापडण्याच्या याच सोयीतून सप्टेंबर २०१९ पूर्वी ५३ कोटींहून अधिक खात्यांचे तपशील ओरबाडले गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये नंबरांसकट उघड्यावर आले. नंबर न बदललेल्यांना ते आजही भोवू शकते.

भारतात मे २०२० पासून 'लॉक प्रोफाइल' आहे. प्रोफाइलवरचे तीन ठिपके, लॉक. जुन्या सार्वजनिक पोस्टही त्याने झाकल्या जातात. मात्र सार्वजनिक ग्रुपमध्ये किंवा दुसऱ्याच्या सार्वजनिक पोस्टखाली केलेली टिप्पणी झाकली जात नाही.

इन्स्टाग्राममध्ये प्रायव्हेट केल्याने आधीचे फॉलोअर जात नाहीत. ते एकेक करून काढावे लागतात. काढल्याची सूचना त्यांना जात नाही. बऱ्याच तरुण मुलामुलींना 'प्रायव्हेट' सापडत नाही, कारण आकडे बघण्यासाठी त्यांनी खाते क्रिएटर किंवा बिझनेस केलेले असते. तसे खाते प्रायव्हेट होत नाही, आधी पर्सनल करावे लागते. अल्पवयीनांचे खाते आपोआप प्रायव्हेट ठेवणारी 'टीन अकाउंट' ही व्यवस्था भारतात २०२५ च्या सुरुवातीला आली, पण खाते उघडताना जन्मसाल वाढवून टाकलेले असेल तर ती लागू होत नाही. पालकांनी आधी तेच साल बघावे.

९ नोव्हेंबर

एकेका फोनवर मेहनत घेऊनही गळती थांबत नाही, याचे कारण ग्रुप. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, मग प्रायव्हसीत काहीही निवडलेले असो. म्हणून आता कामाचा रोख ॲडमिनांकडे वळवतो आहोत. ॲडमिन एक बदलला तर शेकडो नंबर झाकले जातात.

सोसायटी, शाळेचा वर्ग, क्लास, भिशी, गणेश मंडळ यांच्या ॲडमिनांना आधी विचारायचे: इथे बोलायचे आहे की फक्त कळवायचे आहे? फक्त कळवायचे असेल तर ग्रुप नकोच. व्हॉट्सॲप चॅनेल घ्यावे, जिथे एकाने कळवायचे आणि बाकीच्यांनी फक्त वाचायचे. चॅनेलवर फॉलोअरांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. पण चॅनेल खासगी संभाषणासारखे कुलूपबंद नसते, त्यामुळे मुलांची नावे, फोटो तिथे नकोत. सुटी, फी, वेळापत्रक ठीक. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. पालकांची तक्रार 'आम्हाला येत नाही' अशी आली तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असणार असे धरून चालावे. कम्युनिटीच्या अनाउन्समेंटमध्येही सदस्यांचे नंबर इतर सदस्यांपासून झाकलेले राहतात, पण तिच्या आतल्या ग्रुपमध्ये दिसतात.

बोलायचेच असेल तर ग्रुप, आणि मग: 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू, आमंत्रणाची लिंक कुठेही सार्वजनिक चिकटवायची नाही, लोक जमले की 'रीसेट लिंक'. २०२० साली अशा लिंका गूगलच्या शोधात सापडल्या होत्या. घर विकून गेलेला, शाळा सोडलेला सदस्य काढायचा. किमान दोन ॲडमिन, म्हणजे एकाचा फोन हरवला तर ग्रुप बेवारस होत नाही.

पुराचा मुद्दा सांगलीसाठी वेगळा लिहावा लागतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी चढू लागले की '७० वर्षांच्या आजी एकट्या, दुसरा मजला, अमुक गल्ली, हा नंबर' असे संदेश फिरतात. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांनंतर मदतीसाठी कागदपत्रांचे फोटोही हातोहात गेले. अशा वेळी खासगीपणा म्हणून संदेश थांबवणे चूक. सुधारणा एवढीच: संदेशात तारीख आणि वेळ असावी, आजींचा नाही तर गावाबाहेर सुरक्षित असलेल्या एका नातेवाइकाचा नंबर असावा, आणि सुटका झाली की त्याच साखळीत 'सुटका झाली, पुढे पाठवू नका' जावे. पाठवणाऱ्याला 'डिलीट फॉर एव्हरीवन' सुमारे दोन दिवस १२ तासच करता येते. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा संदेशही सर्वांसाठी काढू शकतो. पुढे गेलेल्या प्रती राहतातच.

कागदपत्रे ग्रुपवर कधीच नाहीत. पंचनामा करणाऱ्याला किंवा संबंधित कार्यालयाला थेट. आधार द्यायचेच तर मास्क्ड आधार: आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवले की पहिले आठ अंक झाकून फक्त शेवटचे चार दिसतात. झेरॉक्सवर आडवे लिहायचे, 'फक्त पूर पंचनाम्यासाठी', खाली तारीख, अक्षरे फोटोवर आणि नंबरावर थोडी चढलेली. पासबुकचे पहिले पान पुरे, व्यवहारांची पाने नकोत.

१६ नोव्हेंबर

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम याच आठवड्यात अधिसूचित झाले. कंपन्यांवरची बहुतेक बंधने १८ महिन्यांनी लागू होतील, त्यामुळे 'आता कायदा आहे' म्हणून उद्यापासून काही बदलणार नाही. १८ वर्षांखालच्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल.

पत्रकात एक ओळ ठळक: स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. उघड्या प्रोफाइलवर टाकलेल्या नंबरासाठी हा कायदा दाद देणार नाही. घरगुती वापरालाही तो लागू नाही, म्हणजे भावकीच्या ग्रुपवर झालेल्या गळतीवर या कायद्याखाली जाता येत नाही.

२३ नोव्हेंबर

व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांचे काम या आठवड्यात जाहीर झाले. व्हॉट्सॲपच्या 'नंबर आहे का बघा' या सोयीला तासाला १० कोटींहून जास्त नंबर विचारून त्यांनी सुमारे ३५० कोटी खाती मोजली. ज्यांचा फोटो आणि अबाउट सर्वांना खुले होते, त्यांचे तेही मिळाले. संदेश मिळाले नाहीत. कंपनीने वेगावर मर्यादा घातल्या आहेत. टेबलासाठी अर्थ असा: 'माझा नंबर कुणाला माहीतच नाही' या भरवशावर फोटो 'एव्हरीवन' ठेवू नये. नंबर माहीत असावा लागत नाही, सगळे नंबर विचारता येतात. अबाउटमध्ये नोकरी, गाव, जात, पक्ष लिहिलेले असेल तर काढायला सांगायचे.

३० नोव्हेंबर

घडून गेल्यावरचे पान आज पूर्ण केले.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्याच तासात. बाकी सगळे नंतर. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर.

पुरावा आधी, ब्लॉक नंतर. नकली प्रोफाइलचे नाव पुरत नाही, ते बदलते. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवायची. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. संभाषण रागाने पुसून टाकतात, आणि तक्रार तिथेच लंगडी होते. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केले की त्या माणसाचे शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात.

खासगी फोटोची धमकी असेल तर पैसे द्यायचे नाहीत. दिल्यावर मागणी वाढते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ई कलम संमतीशिवाय खासगी अवयवांचे चित्र घेणे, पसरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगते. असा फोटो ज्याचा आहे त्याने तक्रार केल्यावर कंपनीने तो नियमांतल्या मुदतीत काढायचा असतो; २०२१ च्या मूळ नियमांत ही मुदत २४ तासांची होती. तक्रार ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, नुसते 'रिपोर्ट' बटण नाही. स्टॉपएनसीआयआय या सेवेत फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही: त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो अडवतात. फोटो थोडा कापला किंवा बदलला तर ठसा चुकू शकतो, म्हणून मूळ आणि माहीत असलेल्या सगळ्या प्रती द्याव्यात. वय १८ च्या आत असताना काढलेला फोटो असेल तर 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा.

अशी बाब टेबलावर आली तर पडद्याआडची खुर्ची आणि एकच कार्यकर्ता; स्त्री असेल तर कार्यकर्तीच. फोटो आपण बघायचा नाही, त्याची गरज कुठल्याच पायरीवर पडत नाही. पुढच्या रविवारपासून हे पान टेबलावर न ठेवता दाराजवळच्या रॅकमध्ये ठेवायचे, म्हणजे कुणाला न विचारता उचलून नेता येईल. विश्रामबाग आणि मिरजेसाठी प्रती वेगळ्या काढायच्या आहेत.